जागच्या जागी

चालायचे ते कोठेतरी पोहोचण्यासाठी, असा माझा जन्मभराचा समज होता. शाळेत गणित शिकवताना वेळ, वेग आणि अंतर यांची शेकडो उदाहरणे मी फळ्यावर सोडवून दाखवली. त्यांत सोलापूरहून सुटलेली गाडी कुर्डुवाडीला पोहोचलीच नाही असे एकदाही घडले नाही. आता मात्र आठवड्यातून तीनदा, दर खेपेस अर्धा-पाऊण तास, मी सायकलचे पायडल मारतो आणि तसूभरही पुढे सरकत नाही. या सायकलला चाके नाहीत. ती खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असते. मी पाठीवर पडलेला असतो. डाव्या हातात दोन जाड सुया असतात आणि मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर या गतीने माझे रक्त एका सुईतून बाहेर पडून, यंत्रात धुतले जाऊन, दुसऱ्या सुईतून माघारी येत असते. प्रवास काय तो रक्ताचा. मी जागच्या जागी.

या प्रकाराला डायालिसिस म्हणतात, हे आता कोणाला सांगायला नको. ज्याच्या नात्यागोत्यात एकही मूत्रपिंडाचा रोगी नाही असा माणूस विरळा. माझी मूत्रपिंडे मधुमेहाने हळूहळू निकामी केली आणि २०१९ च्या पावसाळ्यात मी यंत्राच्या स्वाधीन झालो. गणिताच्या शिक्षकाला हिशेबाची खोड असते. एका खेपेला चार तास. वर्षाला १५६ खेपा. म्हणजे ६२४ तास. म्हणजे रात्रंदिवस मोजले तर पुरते २६ दिवस. सहा वर्षांचे धरले तर १५६ दिवस. एवढे आयुष्य यंत्राला देऊन उरलेले पदरात पाडून घ्यायचे, असा हा व्यवहार. व्यवहार म्हणून तो वाईट नाही. पण घेतलेल्या मालाची प्रत कशी आहे, हे विचारायला गिऱ्हाईक सहसा धजत नाही. मिळाले हेच पुष्कळ, असे त्याला चारी बाजूंनी सांगितले जात असते.

आमच्या शाळेतले व्याकरण शिकवणारे सहकारी या चार तासांना कर्मणी प्रयोग म्हणाले असते. मला काट्यावर उभे केले जाते, माझा रक्तदाब घेतला जातो, मला टोचले जाते, माझ्या अंगातले दोन-अडीच लिटर पाणी काढून घेतले जाते. वाक्यात मी असतो, पण कर्ता नसतो. घरी आल्यावरही हे व्याकरण सुटत नाही. पाणी मला मोजून दिले जाते. शहाळे, केळे, लोणचे माझ्यापुढून उचलले जाते. आणि कोणी भेटायला आले तर "यांना आता बरं आहे" हे उत्तर माझ्या वतीने दुसरेच कोणी देते. हळूहळू स्नायू झिजतात. या रोगात ते झिजतातच. त्यात दिवसाआड चार तासांचे पडून राहणे आणि घरी गेल्यावर थकव्याने आणखी पडून राहणे यांची भर पडते. गेल्याच्या गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे मला पाटावर बसवले, उटणे लावले, आणि उठायच्या वेळी मला उठता येईना. मुलाने एका काखेत हात घातला, सुनेने दुसऱ्या. नात कौतुकाने बघत होती. तिला तो खेळ वाटला. मीही हसलो. परंतु त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की जिवंत राहणे आणि जगणे यांच्यामध्ये पाटाएवढीच उंची असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या विभागात एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी रुजू झाली, आणि तिच्याबरोबर ही सायकल आली. फिस्टुल्याचा हात हलवायचा नाही, पण पाय तर मोकळे आहेत ना, असा तिचा साधा युक्तिवाद होता. पहिल्या दोन तासांतच व्यायाम करायचा. पुढे अंगातले पाणी कमी होऊन रक्तदाब घसरू लागतो, पोटऱ्यांना गोळे येतात. तिने मला पाच मिनिटांवर सुरू केले. मी दमलो, पण ते दमणे निराळे होते. डायालिसिसच्या थकव्यात माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो. हा थकवा मी स्वतः कमावलेला होता. त्या पाच मिनिटांपुरता मी पुन्हा वाक्याचा कर्ता झालो.

ही नवलाई काही आमच्या सोलापूरची नव्हे. डायालिसिस चालू असताना व्यायाम देण्याचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत १९८० नंतरच्या दशकापासून चालू आहेत. अलीकडच्या दोन चाचण्यांची हकीकत त्या मुलीनेच मला सांगितली आणि मी ती पुढे मुळातून वाचली. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना सहा महिने अशीच सायकल दिली होती. मग त्यांच्याकडून जगण्याच्या दर्जाविषयीची प्रश्नपत्रिका सोडवून घेतली. गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही; पुष्कळांनी व्यायाम नेमाने केलाही नव्हता. जर्मनीतली चाचणी याहून मोठी. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. तेथे वर्षभर व्यायाम दिल्यावर निराळेच माप लावले: एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते? आरंभी दोन्ही गटांची सरासरी १६ च्या आसपास होती. वर्षाअखेर व्यायाम करणारे १९ वेळा उठू लागले. न करणारे १५ वर आले. आयुष्य वाढते असे त्या चाचणीने काही सिद्ध केले नाही. सिद्ध झाले ते एवढेच की माणूस तीन वेळा अधिक उठतो.

तीन वेळा! एखाद्या धडधाकट वाचकाला हसू येईल. मला आले नाही. दारावर कोणी आले म्हणून एकदा, हातातून पडलेला चष्मा उचलण्यासाठी एकदा आणि पाटावरून एकदा, असे तीनदा कोणाला हाक न मारता उठता आले तर दिवसाचा रंगच पालटतो. मी झपाटल्यासारखा व्यायाम करू लागलो. पाचाची दहा मिनिटे झाली, दहाची तीस. वहीत आकडे मांडू लागलो. आणि येथपर्यंत सर्व ठीक होते. पुढे जे घडले त्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझ्या शेजारच्या, सहा नंबरच्या खाटेवर एक शिंपी होते. साखर पेठेतल्या एका बोळात त्यांचे दुकान. आमच्याकडे शिंप्यालाही मास्तर म्हणतात आणि शिक्षकालाही. त्यामुळे सिस्टर मंडळींचा घोटाळा होई. शेवटी 'सहा नंबरचे मास्तर' आणि 'सात नंबरचे मास्तर' अशी वाटणी झाली. ते मला गुरुजी म्हणत, मी त्यांना मास्तर म्हणे. वयाने साठीच्या आत-बाहेर. शासनाच्या योजनेखाली त्यांचा उपचार चाले. बोलणे थोडे, पण एखादा शब्द कापडावर खडूची रेघ मारावी तसा नेमका.

सायकल त्यांच्याही खाटेशी आली. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं पायमशीन चालवलं. तेही जागच्या जागीच. आता चार तास तरी पाय स्वस्थ असू द्या."

मुलगी हसली आणि दुसऱ्या खाटेकडे वळली. मी मात्र गप्प बसलो नाही. शिक्षकाला विद्यार्थी लागतोच. मी त्यांना जर्मनीचे आकडे सांगितले. जयप्रकाशांची गोष्ट सांगितली: १९७५ साली स्थानबद्धतेत असताना त्यांची मूत्रपिंडे बिघडली, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ते डायालिसिसवर होते, आणि त्याच अवस्थेत १९७७ च्या निवडणुकीत हा माणूस देशभर उभा राहिला. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. "त्यांच्यामागं देश होता, गुरुजी," ते म्हणाले. "माझ्यामागं जूनचे गणवेश आहेत."

मला हा विनोद आवडला नाही. दिवसेंदिवस मला त्यांच्या त्या निवांत पडून राहण्याचा रागच येऊ लागला. ते डोळे मिटून पडत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसे. माझ्या दृष्टीने ते समाधान म्हणजे शरणागती होती. एके दिवशी खाली उतरताना त्यांना पायऱ्यांवर मुलाने जवळजवळ उचलून नेले. पुढच्या खेपेस मी बोलून गेलो, "मास्तर, स्पष्ट सांगतो. तुम्हांला जगायचंच नाही."

ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी सायकल मागून घेतली. पुढच्या खेपेलाही घेतली. एरंडेल पिणाऱ्या पोरासारखा चेहरा करून दोन्ही दिवस दहा-दहा मिनिटे पाय मारले. तिसऱ्या खेपेस सायकल परत केली आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शब्दाखातर दोन दिवस केलं. आता माझ्या शब्दाखातर दोन दिवस तुम्ही नुसते पडून राहा."

मागणे न्याय्य होते. नाही म्हणता येईना. मी पडून राहिलो.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात मी छतावरच्या पंख्याचे फेरे मोजू लागलो. मग यंत्राच्या नळीतून जाणारे माझे रक्त मला दिसू लागले. रोजच दिसते, पण त्या दिवशी दिसले. मग एकेक गोष्ट खाटेभोवती येऊन उभी राहिली. आमच्या हिने देऊ केलेले आणि तिच्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी नाकारलेले मूत्रपिंड. मुलाने घेतलेले कर्ज. ज्या वर्षी नात शाळेत जाईल त्या वर्षी मी असेन की नाही हा प्रश्न. ही सारी मंडळी इतके महिने कोठे होती? ती येथेच होती. मी पायडल मारत त्यांच्यापासून पळत होतो. सायकलला चाके नव्हती हे खरे, पण मी तिच्यावर बसून बराच दूर गेलो होतो. चौथ्या तासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. मास्तरांनी पाहिले असावे. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामात मी त्यांना विचारले, "तुम्हांला हे सगळं येत नाही का हो डोळ्यांपुढं?" ते म्हणाले, "येतं की. पण दुकानात तेवढी सवड कुठं होती? सकाळपासून रात्रीपर्यंत कुणीतरी दारात उभं, माझे कपडे झाले का म्हणून. इथं चार तास कुणी काही मागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा."

या यंत्राचा इतिहास मी मागेच वाचला होता. त्या दिवसांत तो मला फिरून आठवू लागला. हॉलंडमधल्या कांपेन गावी, जर्मन फौजांच्या ताब्यात देश असताना, १९४३ साली डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले उपयोगी यंत्र उभे केले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात जी पहिली बाई या यंत्राने निश्चितपणे वाचली ती ६७ वर्षांची होती आणि शत्रूला सामील झाल्याच्या आरोपावरून कैदेत होती. गावात तिच्या मरणाने हळहळणारे फारसे कोणी नव्हते. कोल्फ यांनी मात्र तिच्या जगण्याची लायकी तपासली नाही. रक्तातले विष तपासले.

पुढे १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी काढली, आणि वारंवार डायालिसिस करून माणसाला वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. पण यंत्रे थोडी, रोगी फार. मग १९६२ च्या सुमारास तेथे सात नागरिकांची एक समिती नेमली गेली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यवैद्य. यंत्र कोणाला द्यायचे हे त्यांनी ठरवायचे. वय, कुटुंब, उत्पन्न, शिक्षण, पूर्वायुष्यातली कर्तबगारी, मनाचा खंबीरपणा अशा गोष्टी पाहिल्या जात. ती सात माणसे दुष्ट नव्हती. त्यांना न्यायच करायचा होता. परंतु कोणाचे जगणे किती मोलाचे हे ठरवायला बसल्यावर, जो आपल्यासारखा जगतो तोच लायक दिसू लागतो, हे त्यांच्याच वाट्याला आलेले दुर्दैव नव्हे. "तुम्हांला जगायचंच नाही" हे वाक्य बोलताना मी त्या सात खुर्च्यांच्या रांगेत आपली आठवी खुर्ची मांडून बसलो होतो. यंत्र नाकारण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून मी आदर नाकारला.

मग काय, कोणी कोणाला काही सांगूच नये? ज्याचे त्याने पाहावे? हेही मला पटत नाही. स्नायूंना आपले तत्त्वज्ञान कळत नाही; न वापरले की ते झिजतात, मग पडून राहणारा संत असो की आळशी. मास्तरांचे पाय दिवसेंदिवस बारीक होत होते आणि दुकानाच्या दोन पायऱ्या त्यांना डोंगरासारख्या झाल्या होत्या. ते पाहून गप्प राहणे म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याचा मान राखणे, असे म्हणणारा माणूस माझ्या मते नुसता सोयीस्कर आहे. या पेचातून मला वाट दिसली ती एखाद्या ग्रंथात नव्हे. ती त्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या वागण्यात दिसली. दर खेपेस ती सहा नंबरच्या खाटेशी जाई आणि विचारी, "मास्तर, आज?" ते म्हणत, "आज नको, बाई." ती त्यांच्या पायांवरचे पांघरूण नीट करी आणि पुढे जाई. पुढच्या खेपेस पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. आवाजात ना कंटाळा, ना उपदेश. मी बोललो होतो एकदाच, पण निकाल देऊन बोललो होतो. ती शंभरदा विचारी आणि शंभरदा प्रश्न उघडा ठेवी. नकाराची किंमत तिने त्यांच्याकडून कधी वसूल केली नाही.

तिच्याच महाविद्यालयाच्या एका पाहणीसाठी आम्हां सर्वांना जगण्याच्या दर्जाची प्रश्नपत्रिका मिळाली होती. मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांचा कागद मी वाचून दाखवला. पहिलाच प्रश्न असा की एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे: उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, बरी की वाईट? मास्तर थोडा वेळ थांबले. "गुरुजी," ते म्हणाले, "हे कुणाच्या मापानं लिहायचं? माझ्या जुन्या अंगाच्या, की शेजारच्याच्या, की जे गेले त्यांच्या?"

मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. ब्रिटनच्या त्या चाचणीतले गुण जागचे का हलले नाहीत, याचे एक कारण कदाचित हेच असेल. शिंप्याला ठाऊक असते की माप एकाचे घेऊन सदरा दुसऱ्याला शिवता येत नाही. किती वेळा उठता येते हे मोजता येते आणि मोजावे. त्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उठून कोठे जायचे, की उठायचेच नाही, हे त्या आकड्यात नाही. मी पायडल मारतो त्याचे मोल ते पायडल मीच मारतो यात आहे. तेच दुसऱ्याच्या भयाने किंवा माझ्यासारख्याच्या टोमण्याने मारले गेले, तर तोही कर्मणी प्रयोगच. आणि स्वतःच्या खुशीने चार तास डोळे मिटून पडणारा मनुष्य, आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही मागत नाही याचे सुख चाखणारा मनुष्य, त्याच्या वाक्याचा कर्ता असतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला त्याच्या शब्दाखातर दोन दिवस पडून राहावे लागले.

मास्तर श्रावणात गेले. घरी, झोपेत, हृदय थांबून. सायकल चालवली असती तर ते वाचले असते का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. चाचण्या त्याचे उत्तर देत नाहीत, आणि दिले असते तरी ते सरासरीचे उत्तर असते, मास्तरांचे नव्हे. माझ्या मनाला लागून राहिले आहे ते निराळेच. त्यांनी दोन दिवस माझ्यासाठी पाय मारले, त्या वीस मिनिटांचे देणे माझ्याकडे आहे.

मी व्यायाम सोडलेला नाही. गेल्या दिवाळीत पाटावरून उठताना एकच हात लागला. यंदा भाऊबीजेला बहीण ओवाळायला येईल तेव्हा कोणाचाही हात न घेता उठायचे असा माझा बेत आहे, आणि घरात कोणाला न सांगता मी रोज त्याचा सराव करतो. जमले तर आनंद आहे. नाही जमले तर मुलगा आहेच. त्याचा हात धरताना आता मला पूर्वीसारखी लाज वाटणार नाही, असे वाटते.

सहा नंबरच्या खाटेवर आता एक बावीस वर्षांचा मुलगा येतो. बार्शीकडचा आहे. पहिले आठ-दहा दिवस तो भिंतीकडे बघत पडून असे. परवा माझे पायडल बघून त्याने विचारले, "काका, ह्यानं काय होतं?"

जर्मनी माझ्या जिभेवर आली होती. जयप्रकाशही आले होते. मी म्हटले, "मला पाटावरून उठता येतं. तुला काय हवंय ते तू बघ. ताई विचारायला येईल. नको असलं तर नको म्हण. ती पुन्हा येईल."

तो काही बोलला नाही. मी पुन्हा पाय मारू लागलो.